खिडकीची कडी कोणाच्या हातात?

३१ डिसेंबर २०२४. वर्षाचा शेवटचा दिवस अजून उजाडायचा होता आणि म्हैसूरच्या हेब्बाळ औद्योगिक वसाहतीतल्या इन्फोसिसच्या आवारात बिबट्या शिरला. कॅमेऱ्यांच्या चित्रणात तो दिसला, तशी फाटकं बंद झाली. हजारो कर्मचाऱ्यांना निरोप गेला, की आज घरूनच काम करा. आवारातच राहणाऱ्या प्रशिक्षणार्थी मुलामुलींना सांगण्यात आलं, की वसतिगृहाबाहेर पडू नका, खोलीत बसून अभ्यास करा. वनखात्याची पथकं पिंजरे आणि ड्रोन घेऊन साडेतीनशे एकरांच्या आसपासचा तो हिरवा परिसर धुंडाळत राहिली.

यानंतर साडेपाच आठवड्यांनी, ७ फेब्रुवारी २०२५ला, याच आवाराची दुसरी बातमी आली. अंतर्गत परीक्षेत तीन प्रयत्नांत उत्तीर्ण न झालेल्या तीनशेहून अधिक प्रशिक्षणार्थींना निरोप देण्यात आला होता. त्यांतल्या अनेकांनी नोकरीचं पत्र हातात पडल्यावर रुजू होण्यासाठी दोन-दोन वर्षं वाट पाहिली होती. प्रत्येकाला तीन संधी मिळतात आणि ही अट करारातच असते, असं कंपनीने सांगितलं. कर्मचारी संघटनेने केंद्रीय श्रम मंत्रालयाकडे तक्रार केली आणि मंत्रालयाने कर्नाटकच्या कामगार खात्याला लक्ष घालायला सांगितलं.

या दोन बातम्या शेजारी ठेवून वाचल्या, की कामाच्या जागेचा प्रश्न पुरता दिसतो. इथे झाडं इतकी, की रानातलं जनावर वाट वाकडी करून आत येतं. आणि त्याच झाडांखाली विशीतली मुलं नापास होण्याच्या धास्तीने रात्र जागून काढतात. पर्यावरणाचा विचार इमारतीची देखभाल पाहणारा विभाग करतो, माणसाचा विचार मनुष्यबळ विभाग करतो. दोघांचे अहवाल वेगळे आणि पुरस्कारही वेगळे. माझं म्हणणं असं, की हा प्रश्न मुळात एकच आहे. माणसाचं शरीर आणि मन निसर्गाचाच भाग आहे. त्याला काय मानवतं हे नीट पाहिलं, तर पृथ्वीवरचा भारही बऱ्याच अंशी हलका होतो. आणि दोन्हीकडचं घोडं अडतं ते एकाच जागी: कामाच्या जागेतल्या गोष्टी ठरवायचा अधिकार कोणाकडे आहे.

मराठी वाचकाला म्हैसूर परकं नाही. इन्फोसिसची स्थापनाच १९८१ साली पुण्यात झाली आणि पुढे ती बंगळुरूला गेली. सांगली, नाशिक, नागपूर, अमरावतीच्या अभियांत्रिकी महाविद्यालयांतून बाहेर पडलेल्या असंख्य मुलांच्या आयुष्यातला पहिला पगार म्हैसूरला जमा झाला आहे. ‘म्हैसूरला ट्रेनिंग आहे’ हे वाक्य आपल्या कितीतरी घरांत पेढे वाटताना उच्चारलं गेलं. म्हणून या शहराच्या निमित्ताने हा आढावा.

जाड भिंती, उंच छतं

म्हैसूर समुद्रसपाटीपासून सुमारे साडेसातशे मीटर उंचीवर आहे. उन्हाळा कडक होतो, पण विदर्भासारखा अंगावर येत नाही. शहर आखताना मोकळ्या जागा, रुंद रस्ते आणि तळी यांचा विचार झाला. १९०३च्या कायद्याने इथे शहर सुधारणा मंडळ आलं आणि भारतातल्या अशा अगदी सुरुवातीच्या मंडळांत त्याची गणना होते. त्याआधी, १८६४ साली मुम्मडी कृष्णराज वोडेयर यांच्या काळात कुक्करहळ्ळी तळं बांधलं गेलं. १९६० साली त्याच्या काठाला म्हैसूर विद्यापीठाचा मानसगंगोत्री परिसर उभा राहिला. हे नाव दिलं कुलगुरू असलेल्या कवी कुवेंपूंनी. आजही तिथल्या प्राध्यापकाला आणि कारकुनाला दोन तासिकांच्या मधल्या वेळात पाणकावळे आणि बगळे पाहता येतात.

केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्था २१ ऑक्टोबर १९५० रोजी सुरू झाली ती चेलुवांबा विलास या राजवाड्यात. राजकन्येसाठी बांधलेल्या वास्तूत वैज्ञानिक काम करू लागले. त्या पिढीच्या वास्तूंची थंड राहण्याची रीत साधी असते. व्हरांड्यामुळे ऊन भिंतीपर्यंत पोचत नाही. जाड भिंत रात्रीचा गारवा दुपारपर्यंत धरून ठेवते. गरम हवा उंच छताकडे चढते आणि झरोक्यातून निघून जाते. आपल्याकडच्या वाड्यात दुपारी ओसरीच्या फरशीवर पाठ टेकली, की जो गारवा अंगात उतरतो, त्यामागे हीच समज आहे.

व्हरांड्याचा दुसरा उपयोग शीतकरणाच्या हिशोबात येत नाही. तो खोलीही नसतो आणि रस्ताही नसतो. तिथे चहाचा कप घेऊन दोन मिनिटं थांबता येतं. वरिष्ठ आणि कनिष्ठ तिथे सहज समोरासमोर येतात आणि नको असेल तेव्हा खोलीत परतताही येतं. भिंती काढल्या की माणसं आपोआप बोलू लागतील, अशा समजुतीने पुढे मोकळ्या कार्यालयांची लाट आली. २०१८ साली ईथन बर्नस्टीन आणि स्टीफन टर्बन यांनी दोन कंपन्यांतल्या लोकांच्या भेटीगाठी यंत्राने मोजल्या, तेव्हा मोकळ्या मांडणीत गेल्यावर समोरासमोरचं बोलणं सुमारे ७० टक्क्यांनी घटलेलं आढळलं. लोक शेजारच्याला ई-मेल पाठवू लागले. आडोसा आणि सोबत या दोन्हींची गरज माणसाला असते, आणि कधी कोणती हे त्याचं त्याला ठरवायचं असतं.

पाण्याने गार होणारं छत

२०००च्या दशकात म्हैसूरचं प्रशिक्षण केंद्र उभं राहिलं. हफीज कॉन्ट्रॅक्टर यांनी रचलेली घुमट आणि खांबांची भव्य इमारत, हजारो खोल्यांची वसतिगृहं, भोजनगृहं, तरणतलाव, आणि चहूकडे लावलेली झाडं. २००९ साली दुसऱ्या प्रशिक्षण इमारतीचं उद्घाटन झालं. याच सुमारास कंपनीने आपल्या वीजवापराकडे गंभीरपणे पाहायला सुरुवात केली होती.

त्यातला सर्वांत बोलका प्रयोग झाला हैदराबादच्या आवारात. एकाच इमारतीचे दोन सारखे भाग घेतले. एका भागात उत्तम प्रतीचं नेहमीचं वातानुकूलन बसवलं. दुसऱ्या भागात छताच्या काँक्रीटमध्ये नळ्या पुरून त्यांतून गार पाणी फिरवलं. हवा थंड करून ती पंख्याने ढकलत बसण्यापेक्षा छतच थंड ठेवायचं आणि माणसाच्या अंगातली उष्णता त्याने शोषून घ्यायची, ही कल्पना. दगडी देवळाच्या गाभाऱ्यात शिरल्यावर वारा नसतानाही गार वाटतं, त्याचं कारण हेच. दोन्ही भागांचे मीटर शेजारी शेजारी चालू राहिले. नळ्यांच्या भागाला सुमारे एक तृतीयांश वीज कमी लागली आणि उभारणीचा खर्च जवळपास तेवढाच आला.

पुढच्या इमारतींत अशा गोष्टी एकेक करून आल्या: काच कमी आणि सावली जास्त, उजेड आत खोलवर पोचवणारी खिडक्यांची रचना, सांडपाण्याचा पुनर्वापर, ओल्या कचऱ्यापासून जैववायू. २००८च्या तुलनेत दरडोई वीजवापर निम्म्याहून खाली आला. २०१५ साली कंपनीने पूर्णपणे अक्षय ऊर्जेकडे जाण्याच्या जागतिक प्रतिज्ञेवर सही केली, २०१९ साली तिला संयुक्त राष्ट्रांचा हवामानविषयक पुरस्कार मिळाला आणि २०२० साली तिने कार्बन-तटस्थता जाहीर केली. तिच्यातला काही भाग ग्रामीण घरांत जैववायू आणि सुधारित चुली पोचवून भरून काढलेला आहे आणि भरपाईच्या अशा हिशोबांवर जगभर वाद आहेत. तरीही विजेची जी बचत मीटरवर मोजून दाखवली, तिच्याबद्दल वाद नाही. भारतात पर्यावरणपूरक इमारत महाग पडते हा समज तिने मोडला, हे श्रेय मोठं आहे.

पण या रचनेत एक अट दडलेली आहे. छत गार आणि बाहेरची हवा दमट असेल, तर छताला घाम फुटतो. म्हणून खिडक्या बंद ठेवाव्या लागतात आणि आतली हवा यंत्राने कोरडी करून सोडावी लागते. यंत्रणा जितकी काटेकोर, तितकी खिडकीची कडी माणसाच्या हातातून सुटते. इथूनच पुढचा मुद्दा सुरू होतो.

बावीस अंश कोणासाठी?

एप्रिल महिन्यात कोणत्याही मोठ्या कार्यालयात जा. बाहेर डांबर वितळतंय आणि आत चारपाच जणी अंगावर शाल ओढून टंकलेखन करताहेत. ही शाल खुर्चीच्या पाठीवर बारा महिने टांगलेली असते. थंडावा आवश्यकतेपेक्षा जास्त आहे, त्याची वीज कोणीतरी भरतं आहे, आणि ज्यांच्यासाठी हे सगळं चाललंय त्या कुडकुडताहेत.

याचं मूळ जुनं आहे. खोलीचं योग्य तापमान काढण्याचं जगभर वापरलं जाणारं गणित डॅनिश शास्त्रज्ञ पोव्हल ओले फांगर यांनी १९७०च्या सुमारास मांडलं. प्रयोग झाले ते डेन्मार्क आणि अमेरिकेतल्या महाविद्यालयीन मुलांवर, बंद खोल्यांत. शरीरात किती उष्णता तयार होते याचा ठोकताळा सरासरी पुरुषाचा धरला गेला. २०१५ साली नेदरलँड्सच्या दोन संशोधकांनी मोजून दाखवलं, की या ठोकताळ्यात स्त्रियांच्या शरीरातली उष्णता प्रत्यक्षापेक्षा बरीच जास्त धरली जाते. शालीमागचं शास्त्र हे आहे.

या गणिताला आणखी एक धक्का त्याआधीच, १९९८ साली, बसला होता. रिचर्ड डी डिअर आणि गेल ब्रेगर यांनी जगभरच्या कार्यालयांतली हजारो उत्तरं एकत्र करून पाहिली. जिथे खिडक्या उघडता येतात, तिथले लोक बरंच जास्त तापमान आनंदाने सोसतात असं त्यांना दिसलं. वाऱ्याची झुळूक आणि कपड्यांचा फरक धरूनही हिशोब पुरा होईना. उरलेला फरक मनातला होता. आपण खिडकी उघडू शकतो हे माहीत असलं, की उकाडा कमी छळतो.

भारतात अहमदाबादच्या सेप्ट विद्यापीठाने हाच अभ्यास आपल्या हवेसाठी केला. अहमदाबाद, बंगळुरू, चेन्नई, दिल्ली आणि सिमला या पाच शहरांतल्या १६ इमारती, तीन ऋतू, आणि सहा हजारांहून अधिक उत्तरं. २०१४ साली मांडलेलं हे भारतीय प्रारूप २०१६च्या राष्ट्रीय इमारत संहितेत आलं. त्याचं सार असं, की बाहेरची हवा जशी बदलते तशी आपली सोसण्याची पट्टीही सरकते. आपल्या माणसाला बारा महिने २२ अंशांची गरज नाही. ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोच्या हिशोबाने वातानुकूलन एका अंशाने वर ठेवलं तर सुमारे ६ टक्के वीज वाचते. म्हैसूर-बंगळुरूच्या सौम्य हवेत तर वर्षातले कितीतरी महिने नुसत्या उघड्या खिडकीवर आणि पंख्यावर निघू शकतात. उन्हाच्या काही आठवड्यांत यंत्र आणि बाकी वर्ष खिडकी, अशी मिश्र रचना या संहितेने मान्य केली आहे. मोठ्या कंपन्यांनी तिच्याकडे वळायला हवं.

मला या संशोधनातला सर्वांत मोलाचा धागा वाटतो तो हा. मानसशास्त्रज्ञ एडवर्ड डेसी आणि रिचर्ड रायन अनेक दशकं सांगत आले आहेत, की माणसाला कामात तीन गोष्टी लागतात: आपल्या करणीवर आपला ताबा, आपल्याला जमतंय ही जाणीव आणि आपल्या माणसांची सोबत. त्यातली पहिली गरज, ताबा, इथे थेट विजेच्या बिलाला जाऊन भिडते. कडी हातात असलेला माणूस सुखी असतो आणि त्याला वीजही कमी लागते. माणसाचा स्वभाव आणि पृथ्वीचं हित एकाच खुंटीला टांगलेलं आहे, याचा इतका हाताला लागणारा पुरावा मला दुसरा माहीत नाही.

घड्याळाची कडी

जागेपेक्षा वेळ जास्त महत्त्वाची आहे आणि तिथे आपली वाट उलटी चालली आहे.

रविवारची सुट्टी आपल्याला कोणी दान दिलेली नाही. जोतीराव फुल्यांचे सहकारी नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली मुंबईत गिरणी कामगारांची संघटना उभी केली. १८९०च्या एप्रिलमध्ये महालक्ष्मीच्या मैदानावर सुमारे दहा हजार कामगार जमले, दोन स्त्री कामगारांनीही भाषणं केली, आणि १० जून १८९० रोजी गिरणी मालकांनी आठवड्याची सुट्टी मान्य केली. पुढे १९४८च्या कारखाने कायद्याने आठवड्याचे ४८ तास ही मर्यादा घातली.

ऑक्टोबर २०२३मध्ये इन्फोसिसचे संस्थापक नारायण मूर्ती, ज्यांचं अभियांत्रिकीचं शिक्षण म्हैसूरलाच झालं, यांनी तरुणांनी देशासाठी आठवड्याला ७० तास काम करावं असं मत मांडलं. त्याच वर्षी कर्नाटकाने कारखान्यांत आठवड्याची मर्यादा तीच ठेवून दिवसाला १२ तासांपर्यंत काम घेण्याची मुभा दिली होती. जुलै २०२४मध्ये माहिती तंत्रज्ञान क्षेत्रासाठी दिवसाला १४ तासांचा प्रस्ताव चर्चेत आला आणि कर्मचारी संघटनांच्या विरोधानंतर मागे पडला. त्याच महिन्यात पुण्यात एका बड्या लेखा-सल्लागार कंपनीत नुकत्याच लागलेल्या २६ वर्षांच्या मुलीचा मृत्यू झाला. कामाच्या ओझ्याविषयी तिच्या आईने कंपनीप्रमुखांना लिहिलेलं पत्र देशभर वाचलं गेलं. कंपनीने कामाच्या ताणाचा संबंध नाकारला, पण त्या पत्रातला सूर ओळखीचा वाटला नाही असं घर पुण्या-मुंबईत सापडणं कठीण होतं.

शरीराला मात्र देशभक्तीचा युक्तिवाद कळत नाही. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय श्रम संघटना यांनी २०२१ साली एकत्रित हिशोब मांडला. आठवड्याला ३५ ते ४० तास काम करणाऱ्यांच्या तुलनेत ५५ किंवा अधिक तास काम करणाऱ्यांना पक्षाघाताचा धोका ३५ टक्क्यांनी आणि हृदयविकाराने मरण्याचा धोका १७ टक्क्यांनी जास्त असतो. २०१६ या एका वर्षात लांब तासांमुळे जगभरात सुमारे ७ लाख ४५ हजार माणसं गेली.

लांब तास पृथ्वीलाही जड जातात. रात्री अकरापर्यंत जागणाऱ्या इमारतीचे दिवे, यंत्रं आणि घरी सोडणाऱ्या गाड्या तितकाच वेळ चालतात. थकून घरी आलेला माणूस भाजी चिरत नाही, प्लास्टिकच्या डब्यातलं मागवतो. समाजशास्त्रज्ञ ज्युलिएट शोर आणि सहकाऱ्यांनी २०१३ साली विकसित देशांची अनेक वर्षांची आकडेवारी तपासली, तेव्हा जिथे कामाचे तास जास्त, तिथे पर्यावरणावरचा भारही जास्त आढळला. उलट बाजूने, २०२२ साली ब्रिटनमधल्या ६१ कंपन्यांनी पगार न कापता कामाचे तास घटवून पाहिले. सहा महिन्यांनंतर त्यांतल्या ५६ कंपन्यांनी प्रयोग पुढे चालू ठेवला.

न्यायाची एक गोष्टही इथे नोंदवायला हवी. २०२५ साली बातम्या आल्या, की घरून काम करताना ठरलेल्या सव्वानऊ तासांपलीकडे जाणाऱ्यांना इन्फोसिस स्वतःहून सूचनापत्र पाठवते, की तब्येत सांभाळा. संस्थापकाचं मत आणि कंपनीचं धोरण एकच असेल असं नाही. याच वर्षी कर्नाटक सरकारने मासिक पाळीसाठी महिन्याला एक दिवस पगारी रजेचं धोरण मंजूर केलं. शरीराची लय कामाच्या वेळापत्रकात लिहिली जाणं हे पाऊल महत्त्वाचं आहे.

आता फेब्रुवारीतल्या त्या मुलांकडे परत येऊ. १९८४ साली रॉजर उलरिक यांनी अमेरिकेतल्या एका रुग्णालयाच्या नोंदी तपासल्या होत्या. पित्ताशयाच्या शस्त्रक्रियेनंतर ज्यांच्या खिडकीतून झाडं दिसत होती ते रुग्ण, समोर विटांची भिंत असलेल्यांपेक्षा लवकर घरी गेले आणि त्यांना वेदनाशामकंही कमी लागली. हिरव्या आवारांच्या बाजूने हा अभ्यास नेहमी सांगतात आणि तो खराच आहे. पण झाड बघून जखम भरते, टांगती तलवार हटत नाही. परीक्षा असू नये असं माझं म्हणणं नाही. अभ्यासक्रम काय, वेग किती, मागे पडलेल्याला हात कोण देणार, आणि नाही जमलं तर त्याच कंपनीत दुसरं काम मिळेल का, हे ठरवताना मुलांचा शब्द कुठे होता, हा माझा प्रश्न आहे. गावात पेढे वाटून आलेला मुलगा ज्या दिवशी बॅग भरतो, त्या दिवशी आवारातल्या झाडांची संख्या त्याच्या काय कामाची?

आवाराबाहेरचे हात

आतापर्यंत बोललो ते खुर्चीवर बसणाऱ्यांबद्दल. म्हैसूरचा सुगंध मात्र जमिनीवर बसून तयार होत आला.

अगरबत्ती वळणाऱ्या बाईचं काम जवळून पाहण्यासारखं आहे. समोर बुटका पाट. कोळशाची भुकटी आणि झाडाच्या सालीची चिकट पूड पाण्यात मळून केलेला काळा गोळा. चिमटीएवढा गोळा तोडायचा, बांबूच्या काडीवर ठेवायचा, तळहाताने एकदा पुढे लोटायचं, की काडीच्या टोकापर्यंत लेप एकसारखा बसतो. मग पुढची काडी. मजुरी हजार काड्यांच्या हिशोबाने. तळहाताच्या रेषांत बसलेला काळा रंग साबणाने जात नाही. मान खाली आणि पाठ वाकलेली. दार उघडं असतं, मूल शेजारी खेळतं, दुपारी चूल पेटवायला उठता येतं.

म्हणजे खिडकीची कडी आणि घड्याळ दोन्ही हिच्या हातात आहेत. तरीही ती सुखी कामगार आहे असं कोण म्हणेल? दर ठरवणं तिच्या हातात नाही. खुर्ची, भविष्य निर्वाह निधी, आजारपणाची रजा तिच्या वाट्याला नाही. कोळशाची धूळ छातीत जाते ती तिच्याच. मधल्या काळात व्हिएतनामहून तयार कच्च्या काड्या येऊ लागल्या आणि हातांचं काम गेलं. २०१९ साली सरकारने अगरबत्तीच्या आयातीवर निर्बंध घातले, २०२० साली बांबूच्या काड्यांवरचा कर वाढवला, पण तोवर यंत्रं गावोगाव पोचली होती. ताबा हवा तो वेळेवर, जागेवर आणि मोबदल्यावरही. एक पाय नसलेली तिवई उभी राहत नाही.

मानंदवाडी रस्त्यावरचा रेशीम कारखाना १९१२चा, नाल्वडी कृष्णराज वोडेयरांनी स्वित्झर्लंडहून माग आणून सुरू केलेला. आत पाऊल टाकलं की मागांच्या खडखडाटात शेजारच्याचा शब्द ऐकू येत नाही. कामगार खुणांनी बोलतात. कायम नोकरी, सार्वजनिक उपक्रम आणि हातातलं कसब; इथल्या रेशमाला भौगोलिक मानांकनही मिळालं आहे. इथे कामगाराला आपल्या जरीकाठाचा अभिमान आहे, पण कानांसाठी शंभर वर्षांत काय केलं, हे विचारायलाच हवं.

आणि शहर झाडणारे? स्वच्छतेच्या राष्ट्रीय क्रमवारीत म्हैसूर २०१५ आणि २०१६ साली पहिलं आलं. हा मान पहाटे रस्त्यावर उतरणाऱ्या पौरकार्मिकांचा. त्यांचं कार्यालय म्हणजे डांबरी रस्ता. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या २०१९च्या अहवालानुसार उष्णतेमुळे २०३० साली भारताचे कामाचे ५.८ टक्के तास वाया जातील, म्हणजे सुमारे ३ कोटी ४० लाख पूर्णवेळ नोकऱ्यांइतकं काम. हा फटका शेतात, बांधकामावर आणि रस्त्यावर राबणाऱ्यांना बसेल. त्यांच्यासाठी हरित कार्यस्थळ म्हणजे कोपऱ्यावरचं झाड, त्याखालचं बाकडं, पिण्याचं पाणी, स्वच्छतागृह आणि भर दुपारी काम थांबवण्याचा हक्क. हरित इमारतींच्या गुणपत्रिकेत याला फारसे गुण नाहीत. त्या इमारतींच्या बागा राखणारे आणि फरशा पुसणारे बहुतेक ठिकाणी कंत्राटी असतात, ही गोष्टही त्या गुणपत्रिकेला दिसत नाही.

चांगला मालक पुरेसा आहे का?

आपल्या इतिहासात याचं उत्तम उदाहरण आहे. बेळगावची जागा सोडावी लागल्यावर लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० साली औंध संस्थानातल्या कुंडल रोड स्थानकाजवळच्या निवडुंगाने भरलेल्या माळावर कारखाना आणि वसाहत वसवली. घरं, शाळा, झाडं, आणि शिवाशिव न मानणारं सामाजिक जीवन. शिक्षा भोगलेल्या गुन्हेगारांना त्यांनी राखणदार नेमलं. इथूनच १९२० साली ‘किर्लोस्कर’ मासिकाची सुरुवात झाली. माणसाला प्रतिष्ठा दिली तर माळही फुलतो, हे किर्लोस्करवाडीने दाखवलं. अलीकडे पुण्याच्या हडपसरमध्ये ख्रिस्तोफर बेनिंजर यांनी रचलेल्या ‘सुझलॉन वन अर्थ’नेही बैठ्या इमारती, अंगणं आणि दिवसाचा उजेड यांच्या आधारे कार्यालयाला वाड्याच्या जवळ आणलं.

पण मालकाच्या चांगुलपणावर उभी राहिलेली व्यवस्था मालक बदलला किंवा बाजार पडला की डगमगते. लोखंड्यांची रविवारची सुट्टी सव्वाशे वर्षांहून अधिक टिकली, कारण ती कामगारांनी मागून मिळवली आणि पुढे कायद्याने पक्की केली. दिलेली खिडकी बंद करता येते, हक्काची नाही.

म्हणून माझी मागणी चार गोष्टींची आहे. हरित प्रमाणपत्र देताना इमारतीबरोबर तिच्यातले कामाचे तासही मोजा. आठवड्याला पन्नास तास ओलांडणाऱ्या कार्यालयाला पर्यावरणाचा वरचा दर्जा देऊ नका. तापमान, उजेड आणि बसण्याची जागा यांवर काम करणाऱ्यांचा ताबा असेल अशीच रचना करा. म्हैसूर, पुणे, नाशिक, कोल्हापूरच्या हवेत ते सहज शक्य आहे. कंत्राटी आणि घरबसल्या काम करणाऱ्यांना त्याच मोजपट्टीत धरा. आणि हे सगळं ठरवणाऱ्या समितीत काम करणारा माणूस मतासकट बसवा, मग तो प्रशिक्षणार्थी असो की माळी.

यंदाही जूनमध्ये आपल्या महाविद्यालयांतून मुलं बाहेर पडतील आणि काहीजण म्हैसूरची गाडी पकडतील. मुलाखतीच्या शेवटी त्यांना विचारलं जाईल, ‘तुम्हाला काही विचारायचं आहे का?’ घरून शिकवून पाठवलेलं असतं, की नम्रपणे ‘नाही सर’ म्हणायचं. त्यांनी विचारावं असं मला मनापासून वाटतं: मी जिथे बसणार आहे, तिथली खिडकी उघडते का, आणि ती कोण उघडू शकतं?